धुरपाईचं पेव

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची, ते विचारू नका. आडपांढरीच्या पारावरचा वड तेव्हा गुडघ्याएवढा होता, असं म्हणतात, आणि वडाला कुणी खोटं पाडत नाही.

त्या आडपांढरीत धुरपा नावाची सुईण होती. म्हातारे सोडले तर गावातल्या झाडून सगळ्यांना पहिला हात तिचाच लागलेला. पायाळू येणारं लेकरूसुद्धा तिचा हात लागला की शहाण्यासारखं वळायचं, असं म्हणतात. तिच्या आधी गावात पाळणे बांधायचे आणि महिन्याभरात रडत सोडायचे. धुरपाच्या हातची लेकरं मात्र जगली, रांगली, धावली. एका घराची दोन झाली, दोनाची चार. गाव ओढ्यापर्यंत पसरलं, आणि जो तो म्हणाला, गाव भाग्याचं.

गावाची आणखी एक श्रीमंती होती, ती जमिनीच्या पोटात. पांढरीच्या मातीत वाडवडिलांनी पेवं खणून ठेवली होती. वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, आणि खाली हत्ती बसेल एवढी जागा. सुगी झाली की आत ज्वारी ओतायची, वर कडबा, त्यावर दगड, त्यावर माती. पाऊस रुसला तर हीच ज्वारी काढून खायची. पेवं गळ्याशी आली की हलगी वाजायची आणि म्हातारे म्हणायचे, पेवं भरली, गाव तरलं. मग वर्षभर कुणाच्या जिवाला घोर नसायचा.

पेवं बंद करायच्या दिवशी घुगऱ्यांची कढई चढायची. लेकरांच्या ओंजळीत घुगऱ्या घालायचा मान सुईणीचा. एका वर्षी धुरपा वाढत होती, वाढत होती, आणि पळी खणकन कढईच्या बुडाला लागली. मान वर करून बघते तो पोरांची रांग देवळाला वळसा घालून पलीकडे गेलेली. गाव केवढं वाढलं, पण कढई आपली खापरपणज्याच्या वेळचीच. मागची पोरं ओंजळी तशाच धरून उभी राहिली. धुरपाच्या मनात आलं, आज घुगऱ्या सरल्या, उद्या पेव सरलं तर यांच्या ओंजळीत काय घालायचं?

ती तडक पारावर गेली. गावचा कारभारी हैबती पाटील तिथं म्हाताऱ्यांत बसला होता. माणूस वाईट नव्हता, पण आजोबांनी केलं नाही ते आपण करायचं नाही, हा त्याचा बाणा. धुरपानं सांगितलं, पेवं कमी पडणार, नवी खणा. पाटील हसला. पेवं गळ्याशी आलेली त्यानं स्वतः पाहिली होती, आणि भरलेलं पेव कमी कसं पडेल? खाणारी तोंडं किती झाली, हा हिशेब त्याच्या डोक्यात शिरेना. म्हाताऱ्यांनी तर कानांवर हात ठेवले. नवं पेव खणलं की दुष्काळाला आवतण जातं आणि तो जेवायला येतो, अशी आडपांढरीची पक्की समजूत होती. त्यांच्यातला मारत्या आबा फार तिखट तोंडाचा.

तो म्हणाला, "पोरं तूच वाढवलीस, धुरपे. आता त्येंचा घोर आमाला व्हय?"

धुरपा म्हणाली, "माज्या हातात आलेलं लेकरू मी माघारी धाडत न्हाई, आबा. गावात आलं ते गावाचं. त्येच्या ताटाचं बगा."

कुणी बघितलं नाही. जेवणवेळ झाली होती, सगळे उठून आपापल्या ताटावर गेले.

धुरपाला राग आला की ती भांडत बसायची नाही, संधीची वाट बघायची. नवससायास करून पाटलाच्या थोरल्या सुनेला दिवस गेले, आणि धुरपाच्याच हातून ती सुखरूप सुटली. नातू झाला. पाटील स्वतः सुपात लुगडं, खण, नारळ घेऊन आला. धुरपानं सूप मागं सारलं. सुईण मान घेत नाही म्हणजे बाळाला केवढा अपशकुन! पाटलाचा चेहरा उतरला.

"लुगडं नको," ती म्हणाली. "बाळाच्या बापानं माज्या परड्यात पेव खणावं, आन् त्यात बाळाच्या नावानं पायलीभर जोंधळं ओतावं. माळावर त्येच्या नावानं नांगराचं एक तास हुलगं पेरावं. दर साल."

"आन् दुष्काळ जेवाया आला म्हंजी?"

"माज्या दारी येऊ द्या. मी घालीन जेवाया."

दोन्हीकडून अपशकुन. पाटील इकडे आड तिकडे विहीर असा सापडला, आणि शेवटी नातवाकडे बघून त्यानं लेकाच्या हाती कुदळ दिली.

पाटलाच्या लेकानं खणलं म्हटल्यावर बाकीच्यांना काय धाड भरली होती? ज्याच्या घरी पाळणा हलला, तो बाप कुदळ घेऊन धुरपाच्या दारी आला. थोरल्या लेकरांच्या आयांनीही हट्ट धरला, आमच्यांच्या नावाचं का नको? ज्या माळावर कुसळाशिवाय काही उगवत नव्हतं, तिथं हुलग्याची तासं हिरवी दिसू लागली. एक पेव भरलं की दुसरं, दुसरं भरलं की तिसरं. मारत्या आबा कुरकुरायचा, पण नातवंडांची ज्वारी गुपचूप आणून टाकायचा.

आणि दुष्काळ आला. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं, ढग नुसते तोंड दाखवून जात. वाडवडिलांची पेवं संक्रांतीच्या आतच रिकामी झाली. पाटील धुरपाच्या परड्यात आला आणि पेवाशेजारी खाली बसला. तिनं त्याला बोल लावला नाही. पेवावरचा दगड काढवला, आतला कोंदट वारा जाऊ दिला, मग तोंडाशी वाकून तिनं लेकरांची नावं घ्यायला सुरुवात केली. एकेक नाव घ्यावं आणि एकेक पायली वर यावी, असं म्हणतात. शेजारच्या गावांची माणसं पोरं कडेवर घेऊन आली. त्यांनी पेवात दाणा टाकला नव्हता. धुरपानं त्यांच्याही लेकरांची नावं विचारून पेवात सांगितली, आणि पेवानं त्यांनाही दिलं.

रोज पंगत बसू लागली. एके दिवशी भर दुपारी दुष्काळ स्वतः दारात उभा राहिला. अंगावर फाटकी घोंगडी, पोट पाठीला लागलेलं.

म्हणाला, "आवतण हुतं. जेवाया आलो."

"या," धुरपा म्हणाली. "जागा बघा आन् बसा."

दुष्काळ पंगतीच्या कडेनं चालू लागला. परडं संपलं, देऊळ संपलं, ओढा संपला, पंगत माळावर गेली, तरी प्रत्येक पानावर लेकरू. म्हाताऱ्यांना ज्या पोरांचा भार वाटला होता, ती मांडीला मांडी लावून बसली होती आणि हुलग्याचं माडगं ओरपत होती. चालून चालून दुष्काळाच्या पायांना फोड आले. तो परत आला आणि म्हणाला, "बाई, बसाया जागा न्हाई."

"लेकरं आधी," धुरपा म्हणाली. पण दारात आलेल्याला उपाशी कसं धाडायचं? तिनं त्याच्या हातावर भाकरी ठेवली. ती खातखात तो शिवेबाहेर गेला, तो आजतागायत आडपांढरीत फिरकला नाही, असं म्हणतात. त्या साली ओढा दुथडी वाहिला. पाटलानं नवी कढई घडवून घेतली, एवढी मोठी की ती उचलायला चौघं लागली. आणि त्या वर्षीच्या घुगऱ्या वाटताना धुरपाच्या मागं पाण्याची घागर घेऊन कोण फिरत होतं? मारत्या आबा!

धुरपाई गेली त्याला आता किती पिढ्या झाल्या. पण आडपांढरीच्या पंगतीत आजही एकही पान रिकामं ठेवत नाहीत. राहिलंच, तर यजमान रस्त्यावर धावतो आणि जो दिसेल त्याला हाताला धरून आणून बसवतो. आणि बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते ना, आडपांढरीत त्याआधी ती बाळाला घेऊन पेवाशी जाते, पायलीभर ज्वारी ओतते, वाकून बाळाचं नाव आत सांगते आणि म्हणते, "धुरपाई, आणखी एक पान मांड."