तिच्या हातची रबरी पट्टी

ही गोष्ट फार जुनी नव्हे. विजेची करवत खेड्यापाड्यांत पोहोचली, त्यानंतरची. एका गावात एक म्हातारा सुतार एकटाच राहत होता. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. अजूनही तो रोज दोन भाकरी थापायचा, एक खायचा आणि दुसरी कुणासाठी थापली म्हणून स्वतःवरच चिडायचा.

करवत सरळ चालावी म्हणून त्याच्याकडे एक लांब रूळ होता, म्हणजे लाकडावर ठेवून ज्याच्या काठाने करवत सरकवायची असा धातूचा सपाट पाट. रुळाच्या काठाला रबराची बारीक पट्टी चिकटवलेली असते. पट्टी खुणेवर ठेवली की काप खुणेवरच पडतो, आणि पट्टीने लाकूड दाबून धरल्यामुळे चिरफळ्या उडत नाहीत. पण ती झिजते, सुटते. म्हणून वर्षाला जुनी उपटायची, काठ रॉकेलने पुसायचा, नवी चिकटवायची आणि करवत एकदा फिरवून पट्टीची कड नेमकी कापून घ्यायची. हे काम बायकोकडे असे. ती गेल्यापासून सुताराने पट्टीला हात लावला नव्हता. तिच्या बोटांनी दाबून बसवलेली ती शेवटची पट्टी होती, ती उपटायची कशी?

एक दिवस शेजारच्या गावी दिलेली लेक आली. तिने नव्या घरात बापासाठी खोली बांधली होती. वरून सागाचा पातळ पापुद्रा चिकटवलेली एकच मोठी फळी तिने सोबत आणली होती. खोलीचं दार तुम्हीच करा आणि दार घेऊनच कायमचे राहायला या, असं ती म्हणाली. सुताराचं काळीज सुपाएवढं झालं.

निघताना तिची नजर रुळावर गेली. पट्टीचं टोक वीतभर सुटलं होतं.

"आबा, आधी पट्टी बदला, मग फळीला हात लावा."

"असू दे गं. तुझ्या आईनं चिकटवलीय ती."

लेक आपल्या गावी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सुताराने पट्टी खुणेला लावून करवत चालवली. सुटलेलं टोक सरकलेलं होतं, त्यामुळे रूळच तिरका बसला. दाराची खालची कड तिरकी कापली गेली आणि पापुद्र्याच्या चिरफळ्या उडाल्या. चाळीस वर्षं सुतारकाम केलेल्या त्या म्हाताऱ्याने फळीवर गोणपाट टाकलं. लेकीला निरोप धाडायची त्याला लाज वाटली. दोन महिने गेले. एकटं राहायची आपल्याला सवय आहे, असं तो स्वतःला सांगत राहिला आणि ते त्याला अजिबात पटत नव्हतं.

शेवटी लेकच आली. तिने गोणपाट उचललं, कड पाहिली आणि बापाजवळ जमिनीवर बसली.

"आबा, आई असती ना, तर ही पट्टी तिनं कधीच उपटून फेकली असती."

सुतार पुष्कळ वेळ रडला. मग त्याने स्वतः पट्टी उपटली. लेकीने काठ पुसला, दोघांनी मिळून नवी पट्टी बसवली. बिघडलेली कड दोन बोटं छाटावी लागली, तेवढी साध्या लाकडाची पट्टी दाराच्या पायाशी जोडावी लागली. त्या दारामागे सुतार राहायला गेला. बायकोची आठवण तिथेही यायचीच. पण आता भाकऱ्या लेक थापायची आणि वर्षाला रुळाची पट्टी तो न चुकता बदलायचा.

तात्पर्य: गेलेल्या माणसाची वस्तू कवटाळून बसण्यापेक्षा त्याचं काम पुढे चालवावं, आठवण त्यातच टिकते.