काजळीच्या शिंगराचं दूध तुटलं तो दिवस

एका राज्यात जिवंत घोड्यांपेक्षा सोन्याचे घोडे जास्त झाले होते, आणि त्या सोन्याकडे बघून कुणालाही आनंद होत नव्हता. खजिन्याच्या दालनात शिंगरं उभी होती, घोड्या उभ्या होत्या, आयाळीचा केस न् केस दिसावा अशी, सगळी थंडगार. पागेत मात्र एकच घोडी उरली होती. तिचं नाव काजळी. तिच्या पोटाशी एक शिंगरू; त्याचा म्हातारा बाप गेल्या वर्षीच मेला होता. बाकी लांबच लांब मोकळी दावण आणि भिंतीला टांगलेले, दाणा चारायचे रिकामे तोबरे.

असं का झालं, तेही ऐका. गादीवरच्या धवलकेतू महाराजांचे आजोबा एकदा डोंगरात शिकारीला गेले. तिथे भृंगनाथ नावाचा मांत्रिक राहत होता. त्याची एक पांढरी घोडी होती आणि तिचं चार आठवड्यांचं पोर. आजोबांना ते पोर आवडलं. राजपुत्राला खेळायला होईल, म्हणाले, आणि उचलून घेऊन आले. घोडी सात दिवस खिंकाळली, आठव्या दिवशी मेली. पोरही जगलं नाही. मग भृंगनाथ दरबारात आला. बसला नाही, पाणी प्यायला नाही, उभ्या उभ्या बोलला.

"या राज्यात शिंगराचं दूध वेळेआधी तुटलं तर शिंगरू सोन्याचं होईल. वेळ उलटून गेली तर घोडी सोन्याची होईल. वेळ कोणती ते मी सांगणार नाही. जो ती ओळखेल, त्याच्याच हातून शाप फिटेल."

आता वेळ ओळखायची म्हटल्यावर राजे लोक काय करणार? राजजोशांना बोलावलं. जोशीघराण्यात तीन पिढ्या पंचांग उघडलं गेलं. कधी सहावा महिना धरला, कधी पाचवा, कधी शुक्र बघितला, कधी गुरू. प्रत्येक मुहूर्त बिनचूक निघाला आणि प्रत्येक मुहूर्ताला खजिन्यात भर पडली. सध्याचे राजजोशी नीळोपंत. भला माणूस, पण उभ्या जन्मात त्यांनी घोडीची कास बघितली नव्हती.

पागेची मुख्य होती भिवरा. बापामागून पागा तिच्याकडे आली. उंच, सडसडीत बाई. घोड्याच्या नुसत्या खोकल्यावरून त्यानं काल काय खाल्लं ते सांगणारी. तिच्यासारखा खरारा करणारं माणूस साऱ्या मुलखात नव्हतं आणि हे तिला स्वतःला चांगलं ठाऊक होतं. पण तिच्या मनात एक सल होता. काजळीच्या आधीच्या शिंगराच्या वेळी पंतांनी दिवस काढून दिला, तेव्हा भिवराला कळत होतं की पोर अजून तयार नाही. भिजवलेले हरभरे ते नुसतं तोंडात घोळवून टाकून देत होतं. तिला दिसत होतं, आणि ती गप्प बसली. पंतांपुढे आपण काय बोलायचं, म्हणून गप्प बसली. तिनंच त्याच्या मानेवर हात ठेवून त्याला पागेबाहेर आणलं, आणि त्या हाताखालीच ते गार होत गेलं. आधी मान, मग पाठ, मग सगळं. तो गारठा तिच्या तळव्यातून गेला नव्हता.

म्हणून या खेपेला, शिंगराला सहावा महिना लागला आणि पंतांनी पंचांगाला हात घातला, तेव्हा भिवरा सरळ दरबारात जाऊन उभी राहिली. दिवस मी ठरवणार, म्हणाली. दरबार हसला. पागेतली बाई आता मुहूर्त काढणार, असं कोणीतरी पुटपुटलं. महाराज हसले नाहीत.

"आणि चुकलीस तर?"

"चुकले तर राज्यात घोडा उरणार नाही, महाराज. याहून मोठी शिक्षा तुम्हांला तरी कुठे ठाऊक आहे?"

महाराजांनी मान हलवली. दिवस तिचा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पागेच्या कौलांवर एक भारद्वाज येऊन बसला आणि माणसासारखा बोलू लागला. मायलेकरांना घेऊन भृंगनाथाच्या डोंगराकडे निघ, तो म्हणाला. वाटेत माळ लागेल, मग नदी, मग गुरं कोंडायचं वाडगं. वाडग्याला मधोमध भिंत आहे आणि भिंतीला एक फाटक. ते फाटक कधी लावायचं, ते तुझं तू बघ. भिवरानं त्याला विचारलं नाही की तू पक्षी असून बोलतोस कसा. तिनं हरभऱ्याचं पोतं काजळीच्या पाठीवर टाकलं आणि निघाली.

माळ लागला. तिथलं गवत खाल्लं की पापणी लवायच्या आत पुन्हा उगवायचं. पण ज्याचा जीव अजून दुधावर आहे, त्याला ते कडू लागायचं. शिंगरानं एक घास घेतला, ओठ वाकडे केले, थुंकलं, आणि धावत जाऊन आईच्या कासेला ढुशा देऊ लागलं. भिवरा तिथेच थांबली. रोज ती मूठभर हरभरे भिजवायची, रोज शिंगरू त्यातले चार खाऊन उरलेले पसरून टाकायचं. भारद्वाज बाभळीवर बसून तिला चिडवायचा, की बाई, इथेच घर बांधतेस काय. भिवरानं त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. नवव्या दिवशी शिंगरानं मान खाली घातली ती दुपारपर्यंत वर केली नाही. कराकरा चावण्याचा आवाज येत होता, आणि त्या आवाजानं भिवराला जे समाधान वाटलं ते कुठल्या गाण्यानंही वाटलं नसतं.

"खातंय की. तोड आता," भारद्वाज म्हणाला.

"पोट भरलं, एवढंच झालं," भिवरा म्हणाली. "चल पुढे."

नदी लागली. ती डोंगराकडे, चढावर वाहत होती. तिच्या काठावर वाऱ्याची शिंगरं खेळत होती. ती दिसायची नाहीत, नुसती धूळ उडायची आणि टापा वाजायच्या. काजळीचं शिंगरू आधी आईच्या पायांत शिरलं. मग कान टवकारले. मग दहा पावलं गेलं नि परत आलं. दुसऱ्या दिवशी पन्नास गेलं. तिसऱ्या दिवशी तर नदीच्या वळणापलीकडे दिसेनासं झालं, आणि भारद्वाज म्हणाला, हे आता आईला विसरलंच. भिवरा काठावर उकिडवी बसून एवढंच बघत होती, की ते परत येतं ते कशानं येतं. भीतीनं येणारं पोर आईला अंग घासतं, कासेला नुसतं तोंड लावतं, पीत नाही. भुकेनं येणारं पोर सरळ येतं, लुचतं आणि तोंड पुसल्यासारखं करून निघून जातं. चौदाव्या दिवशी ते सरळ आलं, प्यायलं आणि मागे न बघता धुळीत पळालं. भिवरानं हरभऱ्याचं पोतं उचललं.

वाडगं लागलं. दगडी भिंत, एक फाटक, दोन्हीकडे हिरवं गवत. भृंगनाथाची युक्ती अशी होती की दिवसातून एकदा जमिनीखालून नगारे वाजायचे, असे की उभा माणूस खाली बसावा. पहिल्या दिवशी नगारे वाजले आणि शिंगरू आईच्या मागे दडलं. दुसऱ्या दिवशीही तेच. पाचव्या दिवशी नगारे वाजले तेव्हा ते भिंतीच्या पलीकडे चरत होतं. ते थबकलं. चारी पाय रोवून उभं राहिलं, कान आवाजाकडे, नाकपुड्या फुललेल्या. आईकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. आवाज थांबला तसं पुन्हा चरू लागलं.

आता आई अलीकडे होती आणि पोर पलीकडे. फाटक भिवराच्या हाताशी होतं, नुसतं लोटायचं बाकी होतं. तिनं हात पुढे केला, आणि तळव्यात तो गारठा आला. ते पहिलं पोर असंच उभं होतं, असंच ऊन होतं, आणि कशानंही वाटत नव्हतं की ते गार होईल. भिवरानं हात मागे घेतला. उद्या लावू, म्हणाली.

उद्याही तिनं लावलं नाही. परवाही नाही. एवढी खमकी बाई, भर दरबारात राजाला उत्तर देणारी, तिला एक लाकडी फाटक लोटवेना. शिंगरू आता चांगलं घोड्याएवढं दिसत होतं आणि तरी येऊन पीत होतं. काजळीच्या बरगड्या वर आल्या होत्या. पोर जवळ आलं की ती कान मागे पाडायची, कूस वळवायची, दोन पावलं पुढे सरकायची. पोर मागे मागे जायचं. भिवरा ते बघायची आणि दुसरीकडे तोंड फिरवायची. तिनं काजळीला दुप्पट हरभरे घातले, म्हणजे प्रश्न मिटेल असं वाटून.

चौथ्या दिवशी उजाडता उजाडता भारद्वाज फाटकावर बसला. आज त्यानं चेष्टा केली नाही.

"तिचे खुर बघ."

काजळीचे काळे खुर पिवळे पडले होते. कडेकडेनं सोनं चढत होतं. भिवरा खाली बसली, खुर हातात घेतला, तो थंड होता. तेव्हा तिच्या ध्यानात आलं की घोडी तीन दिवस तिला सांगत होती. पोर कधीच तयार झालं होतं, आईही झाली होती. भ्यालेली ती एकटीच होती, आणि आपल्या भीतीला ती काळजी म्हणत होती.

ती उठली. शिंगरू पलीकडे होतं. तिनं फाटक लोटलं आणि अडसर घातला.

शिंगरानं मान वर केली, धावत आलं, भिंतीला छाती लावून ओरडलं. काजळीनं एकदा उत्तर दिलं. पुन्हा ते ओरडलं, पुन्हा, भिंतीच्या कडेनं पळत सुटलं, आणि भिवराला रडू आवरेना. रडली ती, पण अडसराला हात लावला नाही. तिनं त्याच्याकडे डोळे लावून ठेवले. कान काळे होते, पाठ काळी होती, घामानं चमकत होती, पण तो घामच होता. दुपार झाली. शिंगरू दमून थांबलं, धुळीत लोळलं, उठून अंग झाडलं आणि गवताला लागलं. अलीकडे काजळीनं एक लांब श्वास सोडला आणि तीही चरू लागली. तिचे खुर पुन्हा काळे झाले होते.

भिंतीवर एक म्हातारा बसलेला होता. तो भृंगनाथ.

"तीन दिवस उशीर केलास, बाई."

"केला," भिवरा म्हणाली. "हात भ्याले होते. डोळे चुकले नव्हते."

"शाप फिटला."

भिवरानं डोळे पुसले आणि त्याच्याकडे रोखून बघितलं. "नाथबाबा, तुमच्या घोडीचं दुःख खरं आहे. ते माझ्याइतकं इथे कुणाला कळणार नाही. पण या पोरांनी तुमचं काय वाईट केलं होतं?"

मांत्रिकानं तिला हात जोडले आणि भारद्वाजाला खांद्यावर घेऊन डोंगरात निघून गेला.

इकडे राजधानीत खजिन्याच्या दारावर आतून लाथा बसू लागल्या. पहारेकऱ्यांनी दार उघडलं आणि जीव वाचवायला भिंतीला चिकटून उभे राहिले. घोड्या बाहेर आल्या, शिंगरं बाहेर आली, रस्ताभर टापा वाजल्या, आणि जे ते शिंगरू आपापल्या आईला, नाहीतर मिळेल त्या आईला, जाऊन लुचू लागलं. भिवरा मायलेकरांना घेऊन वेशीत शिरली तेव्हा एक लहानगं शिंगरू गर्दीतून वाट काढत काजळीपाशी आलं. हरभरेही न चावता येणारं, ते आधीचं. काजळीनं त्याला हुंगलं, आणि आटत आलेल्या कासेला पुन्हा पान्हा फुटला. तिचं मोठं पोर बाजूलाच उभं होतं. त्यानं बघितलं आणि जाऊन कुणाच्या तरी गवताच्या भाऱ्यात तोंड घातलं.

खजिना रिकामा झाला म्हणून महाराजांना वाईट वाटलं असेल, असं कुणाला वाटत असेल तर ते खोटं. महाराज पागेत आले आणि दावण भरलेली बघून लहान मुलासारखे हसले. नीळोपंतांनी तर भर चौकात भिवराला नमस्कार केला. आणि मग महाराजांच्या मनात आलं की आठ दिवसांवर दसरा आहे, तेव्हा ही सगळी शिंगरं मिरवणुकीत पुढे, एका रांगेत, एकटी चालवावीत. केवढं शोभेल, म्हणाले.

पागेत सगळ्यांनी माना डोलावल्या. भिवरा गप्प बसली नाही.

"एक चालेल एकटं, महाराज. बाकीची आयांबरोबर चालतील. आणि ती थांबतील तिथे तुम्हांला थांबावं लागेल."

दसऱ्याला मिरवणूक निघाली. सगळ्यांच्या पुढे काजळीचं मोठं शिंगरू, लगाम नाही, दोरी नाही, मान ताठ, एकटं. वाटेत एकदा त्यानं मागे वळून आईला हाक दिली, आईनं उत्तर दिलं, आणि ते पुढे चालू लागलं. मोठ्या पेठेच्या तोंडाशी काजळीच्या त्या लहानग्याला भूक लागली. ते रस्त्याच्या मधोमध थांबून लुचू लागलं. भिवरानं हात वर केला. हत्ती थांबले, नगारे थांबले, सरदार थांबले, आणि छत्राखाली बसलेले महाराजही थांबले. मागून कोणीतरी विचारलं, काय झालं, कोण आडवं आलं? भिवरानं मागे वळूनही बघितलं नाही. पोर पितंय, एवढंच म्हणाली, आणि त्याचं पोट भरेपर्यंत सारं राज्य उन्हात उभं राहिलं.