नारबाने लक्षणं पाहिली

एका आडगावात नारबा नावाचा एक भोळा माणूस राहायचा. सांगितलेलं काम तो कधी टाळायचा नाही. जेवढं सांगितलं तेवढंच, आणि जसं सांगितलं तसंच करायचा. लग्नाला सहा वर्षं झाली तरी नारबाच्या घरी पाळणा हलला नाही, असं बायका बोलायच्या. ते त्याच्या कानावर आलं. त्याने शेजारून रिकामा पाळणा मागून आणला आणि दुपारभर हलवत बसला.

त्याची बायको अनसा हे बघत होती. आत जाऊन तिने डोळे पुसले. मग बाहेर येऊन म्हणाली, "चहा घ्या. हात भरून आले असतील."

अशी ती शहाणी बाई. पण दिवसेंदिवस खंगत चालली. पोट सारखं बिघडलेलं, तोंड आलेलं, विंचरलं की फणीत केसांचा पुंजका. नळावरून हंडा आणताना वाटेत दोनदा टेकायची. नारबाला कोडं पडलं. तो म्हणायचा, "चपात्या तर माझ्याएवढ्या खाते. मग माझ्याएवढी दिसत का नाही?"

शेवटी तो तिला तालुक्याला घेऊन गेला. तिथे इंगळेबाई डॉक्टर होत्या. त्यांनी रक्त तपासलं, दुर्बीण घालून आतडं तपासलं आणि नारबाला समोर बसवलं.

"हिला सीलिॲक नावाचा आजार आहे. गहू हिच्या आतड्याला सोसत नाही. आतडं सुजतं, म्हणून खाल्लेलं अंगी लागत नाही. पोटभर जेवूनही ही आतून उपाशीच राहते. गहू बंद करा. ज्वारीची भाकरी, भात, वरण, दूध, अंडी द्या. हळूहळू अंगी लागेल."

"लावतो," नारबा म्हणाला.

घरी आल्यावर त्याने गव्हाच्या कणगीवर पत्रा ठेवला, पत्र्यावर दगड ठेवला आणि गहू बंद केला. मग वाटीभर वरण घेतलं आणि अनसाच्या दंडाला चोळायला लागला.

"अहो, हे काय?"

"अंगी लावतोय. हळूहळू लावायचं म्हणाल्या बाई."

अनसाने आंघोळ केली. दुसऱ्या दिवशी दुधाची वाटी घेऊन तो मागे आला, तेव्हा तिने न्हाणीला आतून कडी घातली.

घरात चपाती बंद झाली होती. म्हणून नारबा रोज बेकरीतून पाव आणायचा. चहाबरोबर टोस्ट द्यायचा. अनसाला बरं वाटेना. नारबा तिला घेऊन पुन्हा तालुक्याला गेला.

"बाई, गहू कडेकोट बंद आहे. वर दगड आहे. तरी फरक नाही."

"मग खाते काय?"

"पाव. टोस्ट. शेवया."

बाईंनी कपाळाला हात लावला. "नारबा, पाव मैद्याचा. मैदा गव्हाचा. टोस्ट, रवा, शेवया, बिस्किट, सगळं गव्हाचंच. आणि अन्न पोटात घालायचं असतं, अंगाला चोळायचं नसतं, अनसानं सांगितलंय मला. आता नीट ऐका. गव्हाचं नाव निघालं की नको म्हणायचं. समोरचा रागावला तरी नकोच."

"समजलं," नारबा म्हणाला. यावेळी त्याला खरंच समजलं होतं.

त्याच आठवड्यात त्याच्या धाकट्या भावाला, सोपानला, स्थळ सांगून आलं. मुलीचे मामा ओसरीवर बसले. मुलगी शिकलेली, स्वभावाने गरीब, स्वयंपाकात हुशार. नारबा मान डोलवत होता. सोपान दाराआड लाजत होता.

"आणि रंग म्हणाल," मामा म्हणाले, "तर गव्हाळ आहे."

"मग नको," नारबा म्हणाला.

"अहो, नाकीडोळी नीटस आहे."

"असू दे. आमच्या घरात गहू चालत नाही. अनसाला त्रास होतो."

मामा रागावले. समोरचा रागावला तरी नकोच, हे नारबाला पाठ होतं. मामा चहा न घेता निघाले. सोपान दोन दिवस जेवला नाही. मग अनसाच जड पायांनी मामांच्या गावी गेली, खुलासा करून आली आणि लग्न ठरवून आली. परत आली ती तापाने फणफणलेली.

ते बघून नारबा घाबरला. तिच्या उशाशी बसून राहिला. ताप उतरल्यावर तिला घेऊन बाईंकडे गेला आणि पहिल्यांदाच स्वतःहून विचारलं, "ही आतून उपाशी आहे की नाही, ते मला बाहेरून कसं कळणार?"

बाईंना हा प्रश्न आवडला. त्यांनी सावकाश सांगितलं. "डोळ्याची खालची पापणी ओढून बघा. पांढरट दिसली तर रक्त कमी. केस गळतात का, बघा. नखं मऊ पडून चमच्यासारखी खोलगट होतात का, बघा. तोंड येतं का, पाय सुजतात का, हाडं दुखतात का, सारखी थकते का. पोट फुगलेलं दिसलं म्हणून खाल्लेलं अंगी लागलं, असं समजू नका. आणि दर महिन्याला वजन करा. यातलं काही दिसलं तर वाट बघू नका, सरळ घेऊन या."

परतताना नारबा दाढीला थांबला. न्हाव्याच्या दुकानात जमिनीवर केसांचा ढीग पडला होता. नारबा दारातच थबकला.

"भागवत, एवढे केस कुणाचे?"

"गावाचे," भागवत न्हावी म्हणाला. "लग्नसराई आहे ना."

नारबा चावडीवर गेला. तिथे बसलेल्या म्हाताऱ्यांना त्याने सांगितलं, की अख्खं गाव आतून उपाशी आहे. मग एकेकाची पापणी ओढून बघायला लागला. तिसऱ्या म्हाताऱ्याने काठी उचलली.

बाईंना हे कळलं. त्यांनी निरोप धाडला, "गावाचं राहू दे. फक्त घरच्यांचं बघा."

मग नारबा फक्त अनसाचं बघायला लागला. सकाळी पापणी, दुपारी नखं, संध्याकाळी फणी. गव्हाचा कणही घरात उरला नव्हता. कणगी त्याने बहिणीकडे पोचवली. अनसासाठी ज्वारीचं दळण वेगळं, तवा नवा. हळूहळू तिची पापणी लाल झाली. फणी मोकळी राहू लागली. हंडा एका दमात घरी यायला लागला. वजनाचा काटा सरकला, तेव्हा नारबाने काट्यालाच नमस्कार केला.

वर्षभर असं छान चाललं. आणि एक दिवस अनसाला उलटी झाली. दुसऱ्या दिवशीही झाली. ती थकलेली दिसायला लागली. पोटही फुगल्यासारखं दिसायला लागलं. नारबाने डबे हुंगले, माळा शोधला, गादीखाली बघितलं.

"अनसा, खरं सांग. चोरून पाव खातेस?"

अनसा हसली. "अहो, मला दिवस गेलेत."

"दिवस तर मलाही गेले. मी कुठं ओकतो?"

तो तिला तडक बाईंकडे घेऊन गेला. बाईंनी तपासलं आणि अगदी सोप्या शब्दांत सांगितलं, की आतडं सुधारलंय, अंगात रक्त भरलंय आणि घरात बाळ येणार आहे.  नारबाने उपरण्याने डोळे पुसले आणि अनसाचं पाऊल हलकेच दाबून सूज आहे का ते बघितलं.

बाई म्हणाल्या, "आणि एक लक्षात ठेवा. हा आजार रक्ताच्या नात्यात येऊ शकतो. मूल झालं की त्याच्यावरही लक्ष असू दे."

"ठेवतो," नारबा म्हणाला.

दिवस भरले. बाईंच्या दवाखान्यात अनसा सुखरूप बाळंत झाली, मुलगी झाली. नर्सने दुपट्यात गुंडाळून लेक नारबाच्या हातात दिली. नारबाने तिला उजेडात नेलं. डोकं बघितलं. नखं बघितली. पोट बघितलं. तोंड उघडून आत बघितलं. मग तो लेकीला घेऊन तडक बाईंच्या खोलीत शिरला.

"बाई, हिलाही तोच आजार. डोक्यावर केस नाहीत. तोंडात एक दात उरला नाही. पोट फुगलंय. उभं राहायचं त्राण नाही, मान धरवत नाही. आणि वजन विचारलं, तर तीन किलो."

"नारबा," बाई म्हणाल्या, "ती आज सकाळी जन्मली."

नारबाने लेकीकडे बघितलं. त्याचे डोळे भरून आले.

"सकाळपासून एवढी खंगली?"