मुंगीचं दार आणि वाकडं चाक

आमच्या अंगणात एक मुंगी राहायची. अजूनही राहते. तिचं घर जमिनीत. घराला दार एवढंसं, तिळाएवढं. दाराच्या आत तिची बाळं. नकटू, चपटू आणि धाकटी मिरी.

अंगणात रोज बापूंची गाडी यायची. जुनी गाडी. निळी गाडी. घर्र घर्र घर्र, खट्. मुंगीच्या दारापासून बोटभर लांबून पुढचं चाक जायचं. त्याच्याच मागून मागचं चाक जायचं. जिथून पुढचं, तिथूनच मागचं. दाराला कधी धक्का नाही.

एक दिवस काय झालं? गाडी खड्ड्यात आपटली. धडाम्. मागचं चाक वाकडं झालं. बापूंना कळलंच नाही. गाडी निघाली खेकड्यासारखी, तिरकी तिरकी.

मुंगी तेव्हा घरी नव्हती. साखरेचा दाणा आणायला गेली होती. घर्र घर्र घर्र, खट्. पुढचं चाक गेलं बोटभर लांबून. मागचं चाक आलं तिरकं तिरकं. आणि बसलं थेट दारावर.

बापू उतरले. गाडी आपटली होती, म्हणून वाकून पुढची चाकं बघितली. म्हणाले, "सरळ तर आहेत." आणि गेले चहा प्यायला.

मुंगी आली. बघते तर दार नाही. दाराच्या जागी काळंकुट्ट चाक. मुंगीच्या तोंडातला दाणा पडला. तिने जमिनीला कान लावला. आतून नकटू म्हणाला, "आई, अंधार झाला." चपटू म्हणाला, "आई, दार कुठे गेलं?" मिरी नुसतीच रडत होती.

मुंगी चाकाला म्हणाली,
"चाकदादा, चाकदादा, सरक ना रे.
बाळं आत, दार बंद."

चाक म्हणालं, "मी नाही सरकत जा. मला दांडीने वाकडं धरलंय. दांडी वळेल, तेव्हा मी सरकेन."

मुंगी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. गाडीच्या खाली गेली. तिथे होती दांडी. लांबच लांब, चिखलाने माखलेली.

"दांडीताई, दांडीताई, वळ ना गं.
चाक सरकेना.
बाळं आत, दार बंद."

दांडी म्हणाली, "मी नाही वळत जा. मला नटाने आवळून धरलंय. नट सुटेल, तेव्हा मी वळेन."

मुंगी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. दांडीच्या टोकाला होता नट. लाल लाल गंजलेला. म्हातारा आणि रागीट.

"नटभाऊ, नटभाऊ, सूट ना रे.
दांडी वळेना, चाक सरकेना.
बाळं आत, दार बंद."

नट म्हणाला, "मी नाही सुटत जा. किती वर्षं झाली, मला कुणी विचारलं नाही. आता आलीस होय? तेल पडेल, तेव्हा मी सुटेन."

मुंगीने पुन्हा जमिनीला कान लावला. नकटूचा आवाज आला. चपटूचा आवाज आला. मिरीचा आवाज आलाच नाही.

"मिरी," मुंगीने हाक मारली. "मिरे, ए मिरे."

काहीच नाही.

मुंगी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. अंगणाच्या कोपऱ्यात पत्र्याची शेड. शेडमध्ये फळी. फळीवर तेलाची बुधली. गोल गोल पोटाची, लांब चोचीची.

"बुधलीमावशी, बुधलीमावशी, गळ ना गं.
नट सुटेना, दांडी वळेना, चाक सरकेना.
बाळं आत, दार बंद."

बुधली म्हणाली, "मी नाही गळत जा. उगीच गळले की रसूलचाचा ओरडतात. चाचा उठतील, तेव्हा मी गळेन."

मुंगी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. शेडमध्ये रसूलचाचा झोपले होते. ते गाड्या दुरुस्त करायचे. दुपारी तोंडावर टोपी ठेवून झोपायचे. घुर्र फुस्, घुर्र फुस्. मुंगी त्यांच्या कानाशी गेली.

"रसूलचाचा, रसूलचाचा, उठा ना हो.
बुधली गळेना, नट सुटेना, दांडी वळेना, चाक सरकेना.
बाळं आत, दार बंद."

चाचांनी टोपी जरा वर केली. "कोण बोलतंय?"

"मी, मुंगी. गाडी ढकला ना चाचा. थोडीशी."

"ढकलू नको बेटा, ढकलू नको. वाकडं चाक तिरकं घासत जाईल. तुझं आख्खं घर बसेल खाली."

मुंगी घाबरली. "मग चाक सरळ करा."

"किती वाकडं आहे ते बघायला नको? नुसत्या डोळ्याला दिसत नाही ते. अंदाजाने फिरवलं तर आणखी वाकडं होईल. सूत लावून बघावं लागतं. सूत येईल, तेव्हा मी उठेन."

आणि टोपी पुन्हा तोंडावर. घुर्र फुस्.

मुंगीचे पाय दुखत होते. ऊन भिंतीवर चढलं होतं. आता उतरायला लागलं होतं. मुंगी सूत शोधत फिरली. शेडमध्ये नाही. चिंचेखाली नाही. नळाजवळ नाही. मग तिने वर बघितलं. वर कुंदाकाकूंची खिडकी. खिडकीत घेवड्याचा वेल. आणि वेल बांधला होता सुताने. पांढऱ्या, लांबच लांब सुताने.

मुंगी भिंतीवर चढली. तुरु तुरु, तुरु तुरु. घसरली. परत चढली.

"सूतदादा, सूतदादा, ये ना रे.
चाचा उठेनात, बुधली गळेना, नट सुटेना, दांडी वळेना, चाक सरकेना.
बाळं आत, दार बंद."

सूत म्हणालं, "मी नाही येत जा. काकूंनी मला गाठ मारून बांधलंय. काकू सोडतील, तेव्हा मी येईन."

मुंगी तिथेच बसली. पुढे जावंसं वाटेना. चाकाने नाही म्हटलं. दांडीने नाही म्हटलं. सगळ्यांनी नाही म्हटलं. काकू तरी कशाला हो म्हणतील? खाली निळी गाडी दिसत होती. गाडीखाली काळोख झाला होता.

मग तिला मिरी आठवली. मुंगी उठली. तुरु. तुरु. एक एक पाऊल.

कुंदाकाकू खिडकीतच होत्या. त्या नेहमी खिडकीतच असायच्या. अंगणात कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या पिशवीत कुठली भाजी, सगळं त्यांना बघायचं असायचं.

"काकू, काकू, सोडा ना हो.
सूत येईना, चाचा उठेनात, बुधली गळेना, नट सुटेना, दांडी वळेना, चाक सरकेना.
बाळं आत, दार बंद."

काकू म्हणाल्या, "थांब थांब. कुठली गाडी? बापूंची? तरीच. मी म्हटलंच, आज ही अशी नाचत काय येतेय. आणि बापू कुठे गेले? चहाला? मग बसले असतील गप्पा मारत. आणि तुझी बाळं? नावं काय गं त्यांची?"

चाकाने हे विचारलं नव्हतं. दांडीने विचारलं नव्हतं. कुणीच विचारलं नव्हतं. मुंगीच्या डोळ्यांतून पाणी आलं. टिप टिप, टिप टिप.

"नकटू," ती म्हणाली. "चपटू. आणि मिरी."

"मिरी धाकटी का?"

"हो."

"अंधाराला भिते?"

"हो."

काकूंनी पुढे काही विचारलं नाही. त्यांनी गाठ सोडली.

गाठ सुटली आणि घेवड्याचा वेल आला खाली. सळ्ळ. काकूंच्या डोक्यावर वेल, खांद्यावर वेल, नाकावर शेंग. काकूंनी वेल दोन्ही हातांनी धरून ठेवला. सोडला तर मोडला असता. आता पानांतून त्यांना काही दिसेना. अंगण दिसेना. गाडी दिसेना.

"जा तू," काकू म्हणाल्या. "पळ. पण नंतर मला सांगायला ये हं."

सूत खाली आलं. सुळ्ळ सुळ्ळ.
सूत आलं, तसे चाचा उठले.

चाचांनी मागच्या चाकाला सूत लावलं. पुढच्या चाकापर्यंत ताणलं. "धर बेटा हे टोक," ते म्हणाले. मुंगीने टोक घट्ट धरलं. चाकाच्या पुढच्या कडेला सूत टेकलं. मागच्या कडेला टेकेना. मागे फट. एवढीशी फट.

"बघ," चाचा म्हणाले, "वाकडेपणा सापडला."

चाचांनी बुधली उचलली. बुधली गळली, टप टप टप.
तेल पडलं. नट म्हणाला, "हं, आत्ता कसं." नट सुटला, कुर्र कुर्र कुर्र.
नट सुटला, तशी दांडी वळली. थोडी वळली. आणखी थोडी वळली. फट गेली. सूत पुढे टेकलं, मागे टेकलं.
चाचांनी नट पुन्हा आवळला. मग गाडी हळूच ढकलली. चाक सरकलं. सरळ सरळ सरकलं.

खाली माती दाबून बसली होती. मुंगी उकरू लागली. खुर खुर, खुर खुर. तिळाएवढं भोक पडलं. नकटू बाहेर आला. चपटू बाहेर आला.

मिरी आली नाही.

मुंगीने आत डोकं घातलं. "मिरे."

चाचा हलले नाहीत. बुधली हलली नाही.

आतून बारीक आवाज आला. "आई, मी डोळे मिटून बसलेय. उजेड आला का?"

"आला गं," मुंगी म्हणाली. "आला."

मिरी बाहेर आली. तिच्या नाकाला माती लागली होती.

तेवढ्यात बापू आले. म्हणाले, "अहो, चाकं तर मी बघितली होती."

"पुढची बघितली," चाचा म्हणाले. "मागची कोण बघणार?"

बापू वाकले. मागचं चाक बघितलं. दार बघितलं. दारातली मुंगी बघितली. मग त्यांनी दाराभोवती छोटे छोटे खडे मांडले. साखरेचा दाणाही आत ठेवला.

मुंगी भिंतीवर चढली. पाठीवर मिरी. मागे नकटू, मागे चपटू. तुरु तुरु, तुरु तुरु. खिडकीत काकू अजून वेल धरून उभ्या होत्या. हात भरून आले होते. नाकावर शेंग तशीच.

"कोण आहे गं तिकडे? सांगा की कुणीतरी. काय झालं?"

"काकू, मी."

"आलीस? सांग बाई सगळं. पहिल्यापासून सांग. काही गाळू नकोस."

मुंगी सांगू लागली.

"काकूंनी सोडलं, सूत आलं,
चाचा उठले, बुधली गळली,
नट सुटला, दांडी वळली, चाक सरकलं.
बाळं बाहेर, दार उघडं."

"आणि मिरी?" काकूंनी विचारलं.

मिरी आईच्या पाठीवर झोपली होती. डोळे मिटून. पण आता अंधार नव्हता.

खाली निळी गाडी उभी होती. सरळ. आणि दार उघडं होतं, तिळाएवढं.