वडावरची कावकाव

फार पूर्वी नदीकाठच्या एका वडावर कावळ्यांची वस्ती होती. कोणी संकटात सापडलं की सगळ्यांनी जमून कावकाव करायची, हा तिथला रिवाज. त्याने मांजरं पळायची, सापही खाली उतरायचे. दुसरा उपाय कोणाला ठाऊकच नव्हता.

वादळात घरटं पिल्लांसकट गेलं, तेव्हापासून झिपरी नावाची कावळी काही खात नव्हती. एका सकाळी ती फांदीवर बसून स्वतःचीच पिसं उपटू लागली. लगेच सगळे वरच्या फांद्यांवर गोळा झाले आणि ओरडू लागले. झिपरी फांदीच्या वाळक्या टोकाकडे सरकली.

"मांजर कुठंय?" एकाने विचारलं.

"दिसत नाही."

"मग साप?"

"तोही नाही."

मुकादम कावळा गोंधळला. "दिसत नाही म्हणजे लपून बसलाय मेला! अजून जोरात ओरडा!"

आवाज वाढला. झिपरी आणखी सरकली. फांदी करकरली.

म्हाताऱ्या भागाआत्याचा घसा ओरडून ओरडून बसला. आता आपला काय उपयोग, असं वाटून ती खाली उतरली आणि झिपरीजवळ गेली. "मला काही ओरडता येत नाही गं. बसू का इथं?"

झिपरीची चोच थांबली. जरा वेळाने ती खोडाकडे सरकली, आत्याला खेटून बसली. "आत्या, डोक्यातलं वादळ थांबतच नाही."

"सांग मला."

वर एकेकजण गप्प होत गेला. मुकादमाने मान तिरकी करून सगळीकडे पाहिलं.

"मग इतका वेळ," तो पुटपुटला, "आपण पळवत कोणाला होतो?"