परातीचा उजेड

ही खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा रात्र झाली म्हणजे खरोखर अंधार पडायचा.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावाच्या शेवटी एक आळी, आळीपुढे उघडा माळ आणि माळ संपला की जंगल. या शेवटच्या आळीत एक चाल होती. दिवेलागण होऊन जेवणं उरकली, की अंगणात कुणी दिवा ठेवायचा नाही. घरात काय लावायचा तो लावा, पण दार लोटून. का, ते कुणालाच धड सांगता येत नसे. सासूने सुनेला सांगितलेलं, सुनेने पुढे तिच्या सुनेला. विचारलंच तर उत्तर ठरलेलं होतं, "आपल्याकडे तसंच असतं."

आळीच्या टोकाला गावाचा जागल्या राहायचा. म्हातारा, एकटा, मोजकं बोलणारा. सांज झाली की घोंगडी पांघरून तो ओट्यावर बसायचा, तोंड माळाकडे. मधूनच काठी आपटून "हुश्शाऽऽर" अशी हाळी द्यायचा. ती हाळी ऐकून गाव कूस बदलायचं आणि पुन्हा झोपायचं.

त्याच्या शेजारी तांबटाचं घर होतं. तांबट भांडी विकायला जत्रांना गेला, की लवकर परतायचा नाही. मागे घरात त्याची तरुण बायको आणि पाळण्यातली लेक. ही बायको राजधानीत वाढलेली, लिहायला-वाचायला शिकलेली. तिचा स्वतःच्या शहाणपणावर फारसा भरवसा नव्हता. स्वतःच्या भीतीवर मात्र पुरता होता. बाळ रडलं, की का रडतंय म्हणून ती घाबरायची. झोपलं, की श्वास चालू आहे ना म्हणून नाकाशी बोट धरायची. त्या बोटाने बाळ जागं व्हायचं आणि रडायचं, म्हणजे ती परत पहिल्या काळजीवर.

अशात एक दिवस बातमी आली. पलीकडच्या वाडीत लांडग्याने अंगणातून कोकरू उचललं. बातमी कोकराची होती, पण तिच्या डोळ्यांपुढे आला तो पाळणा.

तिने कुंपणापाशी जाऊन जागल्याला विचारलं, "आजोबा, त्या काळोखात तुम्हाला दिसतं तरी काय?"

"दिसतं," म्हातारा म्हणाला. मग त्याने पुस्ती जोडली, "दिसायला हवं तेवढं दिसतं."

एवढ्याशा उत्तराने तिचं समाधान होण्यासारखं नव्हतं. तिने घरातली सगळ्यात मोठी परात काढली. चिंच लावून घासली, राखेने घासली, तिच्यात आपलं तोंड दिसेपर्यंत घासली. अंगणात खांब रोवून त्यावर परात उभी बांधली आणि तिच्यापुढे बोटभर जाडीचा पलिता पेटवला. परातीने तो उजेड झेलला आणि दसपट करून फेकला. पण फेकला तो घराकडेच. बाळाने डोळे चोळले आणि टाहो फोडला. मग तिने परात बाहेरच्या बाजूला वळवली.

आता घरावर मऊ सावली होती आणि सगळा झगझगाट कुंपणावरून, जागल्याच्या ओट्यावरून माळाकडे जात होता. त्या रात्री ती कित्येक दिवसांनी झोपली. तिला नावं ठेवण्याआधी एवढं लक्षात असू द्या, की ती फार दमलेली होती.

दुसऱ्या दिवशी जागल्या कुंपणापाशी येऊन उभा राहिला. "सूनबाई, तेवढी परात जरा खाली वळव. डोळ्यांवर येतं."

"खाली वळवली तर बाळाच्या डोळ्यांवर येतं, आजोबा."

म्हाताऱ्याने विचार केला. "तेही खरंच," म्हणाला आणि गेला.

काही दिवसांनी तो परत आला. डोळ्यांतून पाणी गळतं, म्हणाला, आणि माळाकडे पाहिलं की नुसतं काळं दिसतं. तोवर तिला लागोपाठ झोप मिळाली होती, आणि झोप झालेल्या माणसाला आपलंच बरोबर वाटायला वेळ लागत नाही.

"तुमच्या ओट्यावर फुकटचा उजेड पडतो, वर तुमचीच तक्रार?" ती म्हणाली. "उजेडाला चोराने घाबरावं. जागल्याने कशाला घाबरायचं?"

म्हातारा काठी टेकत आपल्या ओट्याकडे वळला. तो गेल्यावर तिला चुटपूट लागली. सकाळी त्याला ताकाचा तांब्या नेऊन द्यावा, दोन शब्द गोड बोलावेत, असं तिने ठरवलं. सकाळी बाळाचं अंग कोमट लागलं. ताक राहून गेलं, शब्दही राहून गेले.

जागल्याने आपल्या परीने करून पाहिलं. ओट्याच्या कडेला घोंगडी टांगली. बसायची जागा बदलली. डोळ्यांवर हाताचा आडोसा धरला. दिसेनासं झालं तशी त्याची हाळी वाढली. पूर्वी तो काही दिसलं तर ओरडायचा, आता काही दिसत नाही म्हणून ओरडू लागला. लोक हसले. म्हातारा सावल्यांना हाका मारतो, म्हणाले.

तांबटाची बायको गाढ झोपते हे आळीभर झालं होतं. पाहता पाहता तेलिणीने तिच्याकडून परात नेली, कुंभारणीने नेली. प्रत्येकीने आधी घराकडे लावून पाहिली आणि मग बाहेर वळवली. आळीत लखलखाट झाला. चिंचेवरचा पिंगळा जो उडून गेला, तो परतला नाही. जागल्या पाटलाकडे गेला, तर पाटलाने त्यालाच विचारलं, की उजेडाने कधी कुणाचं वाईट झालंय का? म्हातारा काठी उचलून आला तसा निघाला. मोजकं बोलणाऱ्यांचं असंच होतं.

आणि मग ती सांज आली.

पलिते नुकतेच पेटले होते. तांबटाच्या बायकोने लेकीला अंगणात गोधडीवर ठेवलं होतं. पूर्वी तिने हे जन्मात केलं नसतं, पण आता उजेड होता. आत दूध उतू गेल्याचा वास आला, तशी ती उठून आत गेली.

उजेड माळावर जिथे संपत होता, तिथे अंधाराची भिंत उभी होती. पूर्वीच्या अंधारात चांदण्यांचं, दवाचं, गवताच्या हालण्याचं थोडंथोडं दिसायचं. या भिंतीत काहीच दिसत नव्हतं. तिच्या पलीकडे लांडगा रोज येऊन उभा राहत होता. त्याला सगळी आळी दिसत होती. आळीला तो दिसत नव्हता.

तिने हाळी ऐकली नाही. काठी पडल्याचा आवाज तेवढा ऐकला. धावत बाहेर आली, तर लांडगा पळाला होता आणि गोधडीवर जागल्या पालथा पडला होता. त्याच्या घोंगडीखाली बाळ रडत होतं. बाळाच्या दंडावर एक ओरखडा होता. बाकी सगळं म्हाताऱ्याने स्वतःवर घेतलं होतं. लांडगा उजेडात शिरला तेव्हा कुठे त्याला दिसला होता, आणि तेव्हा मध्ये आपलं अंग घालण्यापुरताच वेळ उरला होता.

तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. "आधी दिसला नाही गं, पोरी," तो म्हणाला. "असा कधी नजरेतून सुटला नव्हता. माझं चुकलं."

चूक कुणाची होती ते तिला सांगायचं होतं. ते शब्द ओठांवर येईतो ऐकणारा उरला नव्हता.

तिने त्याच रात्री परात उतरवली. दुसऱ्या दिवशी ती दारोदार गेली, हात जोडले, पराती खाली वळवा म्हणाली. बायकांनी तिच्या लेकीच्या दंडावर हळद लावली, हळहळल्या, पण खांबाला कुणी हात लावला नाही. उलट अशा दिवसांत उजेड हवाच, म्हणाल्या. पाटलाने नवा जागल्या नेमला नाही. एवढ्या लखलखाटात त्याचं काय काम, म्हणाला.

ती पुन्हा तेलिणीच्या दारात गेली. तेलीण कंटाळली होती. "तुझ्या अंगणात फुकटचा उजेड पडतो," ती म्हणाली, "वर तुझीच तक्रार?"

वाक्य ओळखीचं होतं. सूरसुद्धा. ती परत फिरली.

तेव्हापासून रोज सांजेला ती लेकीला पाठीशी बांधते आणि म्हाताऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसते, तोंड माळाकडे. डोळ्यांवर हाताचा आडोसा धरते. डोळ्यांतून पाणी गळतं आणि समोर नुसतं काळं दिसतं. मधूनच ती काठी आपटते आणि तिच्या बारीक आवाजात हाळी देते. आळी उजेडात निवांत झोपलेली असते. कुणी कूससुद्धा बदलत नाही.

लहानथोरांनो, बोध एवढाच: आपली भीती घालवायला लावलेला दिवा शेजाऱ्याच्या डोळ्यांवर धरला, तर तो राखण करत नाही, राखणदारालाच आंधळा करतो.