पाठीवरची माती

“वस्ताद, अजून किती दिवस खाऊ ही पूड?”

सकाळची मेहनत आटपून बाकीचे पैलवान घरी गेले होते. हिंदुराव वस्ताद आखाड्यातल्या तांबड्या मातीत ताक मिसळत होते. काठावर दौलू अंग धुऊन उघडाच बसला होता, मांडीवर अमायनो अ‍ॅसिडचा डबा घेऊन.

“कशापायी खातोस?”

“पुरुषाचं हार्मोन वाढतंय म्हणत्यात.”

“वाढलं?”

“न्हाई. सहा म्हैनं झालं. कागदावरचा आकडा हाय तिथंच हाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डबा बंद करा, बायकोला घेऊन या. दोघांचं बघून इलाज करू.”

“मग?”

दौलू डब्याचं झाकण फिरवत राहिला.

लग्नाला चार वर्षं झाली होती. पाळणा हलला नव्हता, आणि दौलूची आई उठताबसता सुनेलाच बोल लावत होती. सारिका बिचारी मुकाट ऐकून घ्यायची. दोष दौलूतच असल्याचा तपासणीचा कागद मात्र त्याच्या ट्रंकेत, लंगोटांच्या खाली दडून होता.

“सारिकाला म्हाईत हाय?”

“न्हाई… कुठल्या तोंडानं सांगू? आजवर कुणी माझी पाठ मातीला लावली न्हाई, वस्ताद.”

ते खोटं नव्हतं. कुस्ती सुटली की लोक आधी पाठ बघतात, आणि दौलूची पाठ कायम कोरी. त्या कोऱ्या पाठीचा गड्याला भारी तोरा. फेटा बांधून मिरवताना सदरा घालायचं नेमकं विसरायचा.

वस्ताद उठले. ओंजळभर ओली माती घेऊन त्याच्या मागं येऊन बसले. मग लेकराला तेल लावावं तशी, दोन्ही खांद्यांवरून ती पाठभर चोळत राहिले.

दौलू दचकला. “वस्ताद… पाठीला?”

वस्तादांचा हात फिरतच राहिला.

त्याला उठून पळावंसं वाटलं. पण त्या म्हाताऱ्या हातात इतकी माया होती, की एवढा थोराड गडी गुडघ्यात डोकं घालून रडू लागला. डबा घरंगळत काठाखाली गेला. त्यानं तो उचलला नाही.

बऱ्याच वेळानं त्यानं डोळे पुसले.

“आता काय करू?”

वस्तादांनी धोतराला हात पुसले.

“असाच घरी जा. कागद सारिकाच्या हातात दे… आन् ही माती तिलाच धुऊ दे.”